फुटबॉलचे शिक्षक डेटमार क्रामर

खेळाच्या मैदानावर ज्याच्या पायानें चेंडू जाळ्यांत जातो, त्याचें नांव दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत झळकतें. तो चेंडू कसा मारावा हें ज्यानें त्यास महिनोन्महिने शिकविलें, त्याचें नांव मात्र क्वचितच कोणाच्या ओठीं येतें. ही जगाची रीतच आहे, व शिक्षकाच्या धंद्यांत पडलेल्या माणसानें तिजबद्दल कुरकुर करूं नये असें आम्हांस वाटतें. तथापि एखाद्या शिक्षकाचें चरित्र असें असतें कीं, तें मुलांपुढें आणि त्यांच्या वडीलमाणसांपुढें ठेवल्यावांचून राहवत नाहीं. जर्मन फुटबॉलशिक्षक डेटमार क्रामर यांचें चरित्र त्या जातीचें आहे. युरोपांतील क्लबांचा सर्वांत मानाचा चषक त्यांच्या हाताखालच्या संघानें लागोपाठ दोन वर्षें जिंकला. परंतु आयुष्यांतील परमोच्च क्षण कोणता, असें विचारल्यावर त्यांनीं त्या चषकाकडे बोट दाखविलें नाहीं. त्यांनीं तें कोठें दाखविलें आणि कां, हें सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

क्रामर यांचा जन्म ४ एप्रिल १९२५ रोजीं डॉर्टमुंड शहरीं झाला. हें शहर जर्मनीच्या पश्चिम भागांत रूरच्या खोऱ्यांत वसलेलें आहे. कोळशाच्या खाणी, पोलादाच्या भट्ट्या आणि मजुरांची दाट वस्ती असा तो मुलूख. तेथें फुटबॉल हा श्रीमंतांचा शौक नव्हता. कामावरून सुटलेले मजूर आणि शाळेंतून सुटलेलीं मुलें, मिळेल त्या मोकळ्या जागेंत चेंडू खेळत. अशा हवेंत वाढलेल्या मुलास या खेळाचें वेड लागावें यांत नवल नाहीं. परंतु क्रामर चौदा वर्षांचे असतांनाच दुसरें महायुद्ध पेटलें, आणि मिसरूड फुटतें न फुटतें तोंच त्यांस जर्मन सैन्यांतील छत्रीधारी पलटणींत जावें लागलें. १९४५ सालीं युद्ध संपलें तेव्हां त्यांचें वय अवघें वीस वर्षांचें होतें. ज्या राजवटीसाठीं त्यांच्या पिढीला लढावयास लाविलें होतें ती राजवट जगाच्या शिव्याशाप घेऊन नष्ट झाली होती. आणि ज्या गल्ल्यांत ते लहानपणीं खेळले त्या डॉर्टमुंडच्या गल्ल्या बाँबवर्षावानें मातीस मिळाल्या होत्या.

खेळाडू म्हणून क्रामर यांस मोठी कीर्ति मिळाली नाहीं. डॉर्टमुंडची व्हिक्टोरिया आणि वीसबाडेनची गेर्मानिया या मंडळांकडून ते खेळले. त्यांची शरीरयष्टि ठेंगणी होती. जर्मनीच्या राष्ट्रीय संघाचा पोशाख त्यांनीं सामन्यांत कधींच घातला नाहीं. मात्र चेंडूवर त्यांचा ताबा उत्तम होता, आणि आपणांस जें येतें तें दुसऱ्यास फोड करून सांगण्याची हातोटी त्याहूनही उत्तम होती. लिपश्टाट, गेझेके, पाडरबोर्न अशा लहान लहान गांवांच्या संघांना त्यांनीं प्रथम शिकविलें. पुढें १९४९ पासून पश्चिम जर्मनीच्या पश्चिम विभागाच्या फुटबॉल संघटनेनें त्यांस आपल्या पदरीं ठेवून घेतलें. त्या संघटनेची ड्युसबुर्ग शहरीं एक क्रीडाशाळा आहे. तेथें होतकरू मुलांना आणि पुढें शिक्षक होऊं इच्छिणाऱ्या खेळाडूंना शिकविणें हें त्यांचें काम होतें.

इंग्रजींत ज्याला ‘कोच’ म्हणतात त्या फुटबॉलशिक्षकाचें काम काय असतें, हें येथें थोडक्यांत सांगणें बरें. पुष्कळांची अशी समजूत असते कीं, मैदानाच्या कडेला उभें राहून ओरडणें एवढेंच त्याचें काम. खरें काम सामन्याच्या आधीं होतें. कोणत्या खेळाडूचा डावा पाय कच्चा आहे, कोणाचा दम अर्ध्या तासांत संपतो, कोण रागावला म्हणजे चेंडू सोडून माणसाकडे धांवतो, हें त्यानें ओळखावयाचें असतें. प्रत्येकाची खोड निराळी म्हणून प्रत्येकाचा अभ्यासही निराळा लावावयाचा असतो. अकरा जणांना एकमेकांच्या चाली न बोलतां कळतील इतका सराव करून घ्यावयाचा असतो. आणि सामना सुरू झाला कीं, त्याच्या हातीं फारसें कांहीं उरत नाहीं. परीक्षेच्या दालनांत विद्यार्थ्यास सोडून बाहेर उभ्या राहिलेल्या शिक्षकाची जी स्थिति, तीच त्याची.

आतां जपानकडे वळूं. १९५९ सालीं असें ठरलें कीं, १९६४ चे ऑलिंपिक सामने तोकियो येथें व्हावयाचे. यजमान देशाच्या संघास प्राथमिक फेऱ्या न खेळतां स्पर्धेंत प्रवेश मिळतो. जपानी लोकांना आनंद झाला खरा. परंतु फुटबॉलच्या चालकांच्या पोटांत गोळा उठला. त्याच्या आदल्याच वर्षीं, १९५८ सालीं, तोकियोमध्यें भरलेल्या आशियाई खेळांत जपानचा फुटबॉलसंघ फिलिपाइन्स आणि हाँगकाँग या दोघांकडूनही हरून बाहेर पडला होता. रोमच्या १९६० च्या ऑलिंपिकमध्यें तर त्याला प्रवेशच मिळाला नाहीं. घरीं पाहुणे यावेत आणि यजमानाचीच फजिती व्हावी, असा प्रसंग समोर दिसत होता. त्या वेळचे जपानी फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष युझुरु नोझु हे पेशानें डॉक्टर होते. रोग घरच्या औषधानें बरा होत नसेल तर बाहेरचा वैद्य आणावा असा त्यांनीं निश्चय केला. परदेशी शिक्षक आणण्यास विरोध करणारेही पुष्कळ होते. तथापि नोझु डगमगले नाहींत. त्यांनीं जर्मनीकडे शिक्षक मागितला, आणि जर्मनीनें क्रामर यांचें नांव सुचविलें. १९६० च्या उन्हाळ्यांत जपानी संघ युरोपांत गेला असतां ड्युसबुर्गच्या क्रीडाशाळेंत त्या संघाची व क्रामर यांची गांठ पडली, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस क्रामर तोकियोस येऊन दाखल झाले. त्यांचें वय तेव्हां पस्तीस वर्षांचें होतें.

देशाच्या राष्ट्रीय संघांत निवडलेले खेळाडू म्हणजे आपल्या विद्येंत पारंगत, अशी कोणाचीही कल्पना असणार. परदेशचा शिक्षक येतो म्हणजे कांहीं गूढ डावपेंच शिकवील अशी त्यांची अपेक्षा होती. क्रामर यांनीं त्यांना अगदीं पहिल्या धड्यापासून आरंभ करावयास लाविलें. तो पहिला धडा म्हणजे पावलाच्या आंतल्या बाजूनें चेंडू ढकलणें. हा फटका दिसावयास अगदीं सोपा आहे. जो पाय जमिनीवर टेकलेला तो चेंडूच्या बाजूस असावा, व त्याची बोटें जिकडे चेंडू धाडावयाचा तिकडे वळलेलीं असावीं. मारणारें पाऊल आडवें फिरवून घोटा घट्ट धरावा, आणि चेंडूच्या मध्यावर आघात करावा. असें केलें म्हणजे चेंडू जमिनीलगत सरळ जातो आणि सोबत्याला तो सहज झेलतां येतो. घोटा जरा ढिला पडला कीं चेंडू भरकटतो. टेकलेला पाय जरा मागें राहिला कीं तो उंच उडतो. सामन्यांतील बहुतेक चाली याच फटक्यानें जुळतात. ज्याला हा फटका दहापैकीं दहा वेळां साधत नाहीं, त्याला पुढचे डावपेंच शिकविणें म्हणजे बाराखडी न येणाऱ्याकडून निबंधाची अपेक्षा करण्यासारखें आहे.

मोठ्या माणसांना, आणि तींही देशांत नांवाजलेलीं, पुन्हां पहिल्या इयत्तेंत बसविणें हें नाजूक काम. क्रामर यांनीं तें कसें साधलें? एक तर जें ते सांगत तें स्वतः करून दाखवीत. चेंडू पायावर, गुडघ्यावर, डोक्यावर झेलीत ठेवणें, धांवतां धांवतां फटका मारणें, डोक्यानें चेंडू नेमका टाकणें, हें सर्व त्या ठेंगण्या माणसाच्या अंगीं इतकें मुरलेलें होतें कीं, पाहणाऱ्याच्या मनांत शंकेला जागाच राहत नसे. दुसरें असें कीं, ते खेळाडूंपासून वेगळे राहिले नाहींत. परदेशी पाहुण्यासाठीं मोठ्या हॉटेलांतील खोली मिळण्यासारखी असतांही ते खेळाडूंच्या बरोबर जपानी पद्धतीच्या वसतिगृहांत चटईवर अंथरूण घालून निजत आणि त्यांच्याच पंक्तीला बसून काड्यांनीं भात खात. त्यांच्या बोलण्याचा अर्थ जपानींत सांगण्याचें काम शुन्-इचिरो ओकानो नांवाचे तरुण गृहस्थ करीत. चेंडूवर ताबा मिळविणें ही पुढच्या खोलीची किल्ली आहे, असें क्रामर आपल्या शिष्यांना सांगत. एक सामना संपल्याची शिटी हीच पुढच्या सामन्याच्या आरंभाची शिटी होय, हेंही त्यांचें नेहमींचें सांगणें असे.

चार वर्षें गेलीं. या अवधींत संघाचीं सूत्रें केन नागानुमा आणि ओकानो या तिशीच्या सुमाराच्या जपानी जोडीकडे सोंपविण्यांत आलीं, आणि क्रामर मागें राहून सल्ला देऊं लागले. आपल्या हातून काम काढून घेऊन तें शिष्याच्या हातीं जाऊं देणें सर्वच शिक्षकांना जमत नाहीं. क्रामर यांस तें जमलें.

१४ ऑक्टोबर १९६४ रोजीं तोकियोच्या कोमाझावा मैदानावर जपानची गांठ अर्जेंटिनाशीं पडली. अर्जेंटिना म्हणजे फुटबॉलच्या जगांतील एक बलाढ्य घराणें. त्या संघानें प्रथम गोल केला. र्युइची सुगियामा यानें बरोबरी केली. अर्जेंटिनानें पुन्हां आघाडी मारली. शेवटचीं दहा मिनिटें उरलीं असतां साबुरो कावाबुची यानें डोक्यानें चेंडू मारून दुसऱ्यांदा बरोबरी साधली, आणि लोकांचा जल्लोष विरतो न विरतो तोंच अरितात्सु ओगी यानें तिसरा गोल केला. जपाननें तो सामना ३-२ असा जिंकला. पुढें उपउपांत्य फेरींत चेकोस्लोवाकियानें जपानला ४-० असें हरविलें. पण यजमानाची फजिती होणार ही भीति पार पुसून गेली होती.

अर्जेंटिनावरील विजयानंतरची एक गोष्ट जपानांत फार प्रसिद्ध आहे. अभिनंदन करणाऱ्यांनीं संघाच्या खोलीजवळ एकच गर्दी केली. तेव्हां क्रामर यांनीं शिष्यांना सांगितलें कीं, जिंकणाऱ्याला मित्रांची वाण पडत नाहीं. या घटकेला मित्राची खरी गरज हरलेल्यांना आहे, आणि मी त्यांच्याकडे चाललों. असें म्हणून ते अर्जेंटिनाच्या खेळाडूंना भेटावयास निघून गेले. आम्हांस ही गोष्ट सामन्याच्या निकालाहूनही अधिक मोलाची वाटते. हा मनुष्य वीस वर्षांचा असतांना आपल्या संपूर्ण देशाचा पराभव पाहून चुकला होता. हरलेल्याच्या दाराशीं कोणी येत नाहीं, हें त्याला कोणीं पुस्तकांतून शिकवावयास नको होतें.

जपान सोडण्यापूर्वीं क्रामर यांनीं तेथील चालकांना पांच सूचना केल्या. परदेशी संघांशीं वरचेवर सामने खेळावे. शाळेच्या संघापासून राष्ट्रीय संघापर्यंत प्रत्येक पायरीवर नेमलेले शिक्षक असावे. असे शिक्षक तयार करण्याची रीतसर व्यवस्था असावी. देशांत साखळीपद्धतीची स्पर्धा सुरू करावी. आणि हिरवळीचीं मैदानें तयार करून तीं नीट राखावीं. या सूचनांत चमत्कारिक असें कांहींच नाहीं. परंतु त्यांतील प्रत्येकीच्या मागें जें कारण आहे तें विद्यार्थ्यांनीं समजून घेण्याजोगें आहे.

प्रथम साखळीपद्धतीचें पाहूं. जपानांत त्या काळीं बहुतेक स्पर्धा बादपद्धतीच्या असत. म्हणजे जो हरला तो घरीं गेला. समजा, आठ संघ आहेत. बादपद्धतीनें एकंदर सात सामने होतात, आणि आठपैकीं चार संघांच्या वांट्याला एकच सामना येतो. जे दुबळे, ज्यांना अनुभवाची गरज सर्वांत अधिक, तेच प्रथम घरीं बसतात. आतां हेच आठ संघ साखळीपद्धतीनें एकमेकांशीं दोन दोन वेळां खेळले तर एकंदर छप्पन्न सामने होतात, आणि प्रत्येक संघाला, मग तो पहिला असो वा शेवटचा, चौदा सामने मिळतात. आज हरलेला खेळाडू पुढच्या आठवड्यांत आपली चूक सुधारूं शकतो. जपाननें ही सूचना ताबडतोब मानली, आणि १९६५ सालीं बरोबर आठ संघांची साखळी सुरू झाली. हे संघ मोठमोठ्या कारखान्यांचे व कंपन्यांचे होते. हिरोशिमाच्या तोयो कोग्यो या मोटारींच्या कारखान्याच्या संघानें पहिलीं चार वर्षें अजिंक्यपद आपल्याकडे ठेविलें.

हिरवळीचें कारणही असेंच साधें आहे. जपानी शाळांचीं मैदानें बहुतेक मातीचीं. कठीण मातीवर चेंडू कसाही उसळतो; मग तो थांबवावा कसा याचा अंदाज मुलाला बसत नाहीं. शिवाय पडलें तर ढोपर फुटेल ही धास्ती मनांत असते, म्हणून मूल अंग झोंकून देत नाहीं. हिरवळीवर चेंडू खरा चालतो आणि पडण्याचें भय उरत नाहीं. साबुरो कावाबुची हा खेळाडू १९६० सालीं ड्युसबुर्गच्या क्रीडाशाळेंत गेला तेव्हां तेथील हिरवीं मैदानें पाहून तो थक्क झाला होता. हें दृश्य त्याच्या डोळ्यांपुढून आयुष्यभर हललें नाहीं. त्याचें पुढें काय झालें तें यथाक्रम येईल.

तोकियोनंतर चार वर्षांनीं, १९६८ सालीं, मेक्सिको शहरीं ऑलिंपिक सामने झाले. नागानुमा व ओकानो यांनीं नेलेल्या जपानी संघांत क्रामर यांच्या हाताखालीं तयार झालेले पुष्कळ खेळाडू होते. त्यांतला कुनिशिगे कामामोतो हा बळकट पुढाडीचा खेळाडू त्या वर्षाच्या आरंभीं जर्मनींतील झारब्रुकेन येथें राहून युप डेर्वाल या शिक्षकाजवळ शिकून आला होता. मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून सुमारें २,२४० मीटर उंच आहे. तेथील विरळ हवेंत थोडें धांवलें तरी धाप लागते. जपाननें नायजेरियाला ३-१ असें हरविलें, ब्राझील व स्पेन यांच्याशीं बरोबरी केली, आणि फ्रान्सलाही ३-१ असें नमविलें. उपांत्य सामन्यांत हंगेरीनें ५-० अशी धूळ चारली. राहिला कांस्यपदकाचा सामना, आणि तोही यजमान मेक्सिकोशीं, त्यांच्याच अफाट आझ्टेका क्रीडांगणांत. २४ ऑक्टोबरच्या त्या सामन्यांत कामामोतोनें पूर्वार्धांत दोन गोल केले. दोन्ही वेळां चेंडू सुगियामानें पुरविला होता. उत्तरार्धांत मेक्सिकोला पेनल्टी मिळाली, ती गोलरक्षक योकोयामानें अडविली. जपान २-० असा जिंकला. सबंध स्पर्धेंत सात गोल करून कामामोतो सर्वांत पुढें राहिला. ऑलिंपिक फुटबॉलमध्यें आशिया खंडाला मिळालेलें हें पहिलें पदक होय. सामन्यानंतर विजयाचा उत्सव करण्याइतकेंही त्राण खेळाडूंत उरलें नव्हतें. ते खोल्यांत जाऊन निपचित पडले. आपलें सर्व बळ असें शेवटच्या थेंबापर्यंत ओतणारे खेळाडू आपण दुसरे पाहिले नाहींत, असें क्रामर म्हणत.

याच सुमाराची, परंतु जर्मनींतील, एक गोष्ट पालकांनीं लक्षांत ठेवण्याजोगी आहे. क्रामर हे जर्मनीच्या तरुणांच्या राष्ट्रीय संघालाही शिकवीत. त्यांत म्युनिकचा फ्रान्स बेकेनबाउअर नांवाचा अठरा वर्षांचा मुलगा होता. विवाह झालेला नसतांना त्याला पितृत्व प्राप्त झालें, व त्या मुलीशीं लग्न करण्याचा त्याचा विचार नव्हता. हें कळतांच संघटनेच्या वडील मंडळींनीं त्याला संघांतून काढून टाकण्याचें ठरविलें. क्रामर यांनीं मध्यें पडून त्याची जबाबदारी आपल्या शिरावर घेतली. दौऱ्यावर त्यानें शिक्षकांच्याच खोलींत राहावें या अटीवर मुलाला परत घेण्यांत आलें. मुलाच्या वर्तनाची वाखाणणी क्रामर यांनीं केली नाहीं. त्यांनीं एवढेंच म्हटलें कीं, दार लावून घेतल्यानें मुलगा सुधारत नाहीं. पुढें हाच बेकेनबाउअर १९७४ सालीं जगज्जेत्या जर्मन संघाचा कप्तान झाला, आणि १९९० सालीं जगज्जेत्या जर्मन संघाचा शिक्षक झाला. त्या वेळीं तें दार बंदच राहिलें असतें तर काय झालें असतें, याचा विचार ज्याचा त्यानें करावा.

१९६६ सालीं इंग्लंडमध्यें झालेल्या विश्वचषकस्पर्धेंत जर्मनी अंतिम सामन्यापर्यंत पोंचला, तेव्हां मुख्य शिक्षक हेल्मुट श्योन यांचे साहाय्यक क्रामर होते. त्यानंतर १९६७ पासून कांहीं वर्षें त्यांनीं जागतिक फुटबॉल संघटनेच्या, म्हणजे फिफाच्या, वतीनें देशोदेशीं फिरून खेळाडूंना व शिक्षकांना शिकविलें. १९६९ सालीं फिफानें जपानमध्यें आशियाई शिक्षकांसाठीं एक वर्ग भरविला. त्यांत क्रामर यांच्यापाशीं शिकावयास आपल्या देशाचे प्रदीपकुमार बॅनर्जी गेले होते. रोमच्या १९६० च्या ऑलिंपिकमध्यें भारताच्या संघाचे कप्तान असलेले हे तेच पी. के. बॅनर्जी. परत आल्यावर त्यांनीं कलकत्त्याच्या ईस्ट बंगाल व मोहन बागान या संघांना आणि भारताच्या राष्ट्रीय संघालाही शिकविलें. १९७२ व १९७३ सालीं ईस्ट बंगाल मुंबईच्या कूपरेज मैदानावर रोव्हर्स चषकासाठीं खेळावयास येई, तेव्हां त्या संघाच्या मागें बॅनर्जींची, आणि म्हणून थोडीशी क्रामर यांचीही, शिकवण उभी असे.

१९७५ च्या जानेवारींत म्युनिकच्या बायर्न मंडळानें क्रामर यांस पाचारण केलें. तेथील कप्तान होता तोच, एके काळीं घालवून दिला जाणारा, बेकेनबाउअर. त्याच वर्षीं २८ मे रोजीं पॅरिस येथें इंग्लंडच्या लीड्स युनायटेडला २-० असें हरवून बायर्ननें युरोपियन चषक जिंकला. पुढच्या वर्षीं १२ मे रोजीं ग्लासगो येथें फ्रान्सच्या सेंत-एत्येनला १-० असें हरवून तो राखला. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्राझीलच्या क्रुझेरोला नमवून बायर्ननें दोन खंडांच्या विजेत्यांमधील चषकही पटकाविला. वर्तमानपत्रें त्यांस फुटबॉलचे प्रोफेसर म्हणूं लागलीं. त्यांच्या ठेंगणेपणावरून थट्टाही होई, आणि एकदां तर त्यांनीं स्वतःच नेपोलियनचा पोशाख चढवून छायाचित्र काढून घेतलें.

याच विजयांच्या दिवसांत त्यांना विचारण्यांत आलें कीं, युरोपचा चषक हातीं आला हा आपल्या आयुष्यांतील परमोच्च क्षण काय? त्यांनीं उत्तर दिलें कीं, तो क्षण पूर्वींच येऊन गेला. जपानच्या मुलांनीं मेक्सिकोमध्यें कांस्यपदक मिळविलें तो. बायर्नचे खेळाडू क्रामर यांच्या हातीं आले ते तयार होऊनच आले होते. त्यांतले कित्येक आदल्याच वर्षीं जगज्जेते झाले होते. जपानच्या खेळाडूंना मात्र त्यांनीं पहिल्या धड्यापासून हातीं धरून नेलें होतें. शिक्षकाच्या मनाचा तराजू कोणत्या बाजूस झुकतो, तें या उत्तरावरून कळतें.

चरित्रलेखकानें डाग झांकूं नयेत. युरोपांत चषक जिंकणारा हाच बायर्न संघ १९७५ सालीं स्वदेशाच्या साखळींत दहाव्या स्थानावर राहिला. पॅरिसच्या सामन्यांत लीड्सचा एक गोल नाकारण्यांत आला; त्यावरून फार मोठा गदारोळ झाला, आणि विजयांत दैवाचा वांटा होता असें म्हणणारे पुष्कळ निघाले. १९७४ सालीं क्रामर यांनीं अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या राष्ट्रीय संघाचें काम पत्करलें होतें, तें बायर्नचें बोलावणें येतांच कांहीं महिन्यांत टाकून दिलें. ही गोष्ट त्यांस शोभा देणारी नव्हती. १९७७ च्या डिसेंबरांत बायर्नची स्थिति खालावली आणि त्यांना तें मंडळ सोडावें लागलें. त्यानंतर फ्रांकफुर्ट, अरबस्थानांतील जेद्दा, ग्रीसमधील थेसालोनिकी, जर्मनींतील लेव्हरकुझेन, व पुढें दक्षिण कोरिया अशा अनेक ठिकाणीं त्यांनीं शिकविलें. तथापि म्युनिकसारखें यश पुन्हां आलें नाहीं.

जपानची कथाही सरळ चढत गेली नाहीं. मेक्सिकोच्या पदकानंतर त्या संघाला पुन्हां ऑलिंपिकच्या मुख्य स्पर्धेंत पाऊल ठेवावयास १९९६ साल उजाडलें. मधल्या काळांत क्रामर यांचें काम वायां गेलें, असें कोणीही म्हटलें असतें. पण बीं जमिनींत होतें. ड्युसबुर्गच्या हिरवळीनें ज्याला भुरळ घातली त्या कावाबुची यांच्याच पुढाकारानें १९९३ सालीं जपानांत दहा मंडळांची व्यावसायिक साखळी सुरू झाली. कारखान्यांच्या संघांऐवजीं गांवोगांवचीं मंडळें, आणि गांवोगांव मुलांसाठीं हिरवीं मैदानें, हें तिचें धोरण होतें. नागानुमा व ओकानो हे दोघेही यथाकाळ जपानी फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष झाले. १९९८ सालीं जपान प्रथमच विश्वचषकस्पर्धेंत उतरला. २००५ सालीं जपाननें आपल्या फुटबॉलमधील थोर व्यक्तींची मानमालिका सुरू केली, तेव्हां पहिल्याच वर्षीं तींत क्रामर यांचें नांव घालण्यांत आलें.

१७ सप्टेंबर २०१५ रोजीं, वयाच्या नव्वदाव्या वर्षीं, बव्हेरियांतील राइट इम विंकल या डोंगरी गांवीं क्रामर यांचें देहावसान झालें. त्यानंतर सात वर्षांनीं, २३ नोव्हेंबर २०२२ रोजीं, कतार देशांतील विश्वचषकस्पर्धेंत जपाननें जर्मनीला २-१ असें हरविलें. गोल करणारे रित्सु दोआन व ताकुमा आसानो हे दोघेही त्या वेळीं जर्मनींतीलच मंडळांकडून खेळत होते. पुढच्या वर्षीं जर्मनीच्याच भूमीवर, वोल्फ्सबुर्ग येथें, जपाननें ४-१ असा विजय मिळविला. शिष्यानें गुरूला मागें टाकावें ही आपल्याकडील जुनी इच्छा आहे. ती अशी एका देशाकडून दुसऱ्या देशाच्या बाबतींत फळास आलेली क्वचितच पाहावयास मिळते.

विद्यार्थिमित्रहो, या चरित्रांतून तुम्हीं दोन गोष्टी उचलाव्या असें आम्हांस वाटतें. पहिली अशी कीं, पाया पुन्हां घालण्याची लाज बाळगूं नये. देशाच्या संघांत निवडलेले गडी जर पावलाच्या आंतल्या बाजूचा फटका नव्यानें गिरवूं शकले, तर वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यानें खालच्या वर्गांतलें व्याकरण वा अपूर्णांक पुन्हां उघडून पाहण्यांत कोणता कमीपणा आहे? दुसरी अशी कीं, सामना जिंकल्यावर आरोळ्या ठोकण्यापूर्वीं समोरच्या संघाकडे जावें. त्या मुलांच्या हातांत हात द्यावा, दोन शब्द बोलावे, आणि मग खुशाल आनंद करावा.

आणि पालकहो, आपला मुलगा किंवा मुलगी संध्याकाळीं धुळीनें माखून घरीं आली म्हणजे किती गोल झाले एवढेंच विचारूं नका. आज काय शिकलास, काय शिकलीस, हेंही विचारा. खेळाच्या तासाला मैदानावर जो कोणी आपल्या मुलांना चेंडू कसा थांबवावा हें दहादहांदा दाखवीत असतो, त्याचीही कधीं वेळ काढून गांठ घ्या. त्याचें नांव वर्तमानपत्रांत येणार नाहीं. तें निदान मुलांच्या घरीं तरी ठाऊक असावें.